ऑडिटरशी वाद घालताना

ऑडिटच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, आमच्या बँकेच्या शाखेत कुणीतरी हमखास विचारायचं, "पार्टीला शेंगाचटणी दिली का?" पार्टी म्हणजे ऑडिट पार्टी. चटणीबरोबर कडक भाकरीची चवड, आणि मुख्य साहेब स्वतः आले असतील तर एखादी चादर. सोलापूरला आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जावा हे इथल्या मनाला पटतच नाही. त्यात लाचबिच देण्याचा विचार कुणाच्या डोक्यातही नसतो. तरी शाखा माझ्याकडे आल्यावर मी आधी चादर बंद केली, मग चटणी. चहा चालू ठेवला. एप्रिलच्या उन्हात पुण्याहून आलेल्या पोरांना जेवण कुठे बरं मिळतं ते सांगायचं, शिपाईमामांना सोबत पाठवायचं, इथपर्यंत ठीक. पण ज्याला काल चादर दिली त्याला आज "तुमचा हा मुद्दा मला मान्य नाही" असं सांगताना आपला आवाज कुठूनतरी खाली येतो, नाहीतर नको तितका चढतो.

चढलेले आवाज मी पुष्कळ ऐकलेत. तीन दिवस "सर, सर" करणारी माणसं अहवालाचा मसुदा हातात पडला की एकदम "याला बँकिंगमधलं काय कळतंय" वर येतात. मसुद्यात लिहिलेलं काय आहे ते नीट वाचून मग चिडणारे मात्र थोडे.

मी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेली आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका सीएंकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, केली, यंत्रमागवाल्यांच्या, सूत व्यापाऱ्यांच्या, पतसंस्थांच्या वह्या तपासल्या, आणि पुढे एका नागरी सहकारी बँकेत लागले. आर्टिकल असताना कळलेली गोष्ट अशी, की ऑडिटर सर्वांत जास्त भितो तो स्वतःच्या सहीला. 2019 पासून तर प्रत्येक सहीमागे युडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, आला. उद्या खातं बुडालं आणि कुणी फाइल उघडली, तर "शाखाधिकारी चांगल्या होत्या, त्यांनी सांगितलं म्हणून मुद्दा सोडला" हे त्याला लिहिता येत नाही. लेखापरीक्षणाचं मानक एसए 580 हेच सांगतं: व्यवस्थापनाने लेखी दिलेलं निवेदनसुद्धा एकट्याने पुरेसा पुरावा ठरत नाही. मग तोंडी आर्जवाची काय कथा? "सर, एवढं सोडा ना" म्हणताना आपण त्याच्याकडे जे मागतो ते त्याच्या खिशात नसतंच. तोच मुद्दा तो कागद मिळाल्यावर किती सहज सोडतो, हे मी दोन्हीकडून पाहिलंय. गळलेले बहुतेक आक्षेप कुणाच्या वक्तृत्वाने गळलेले नाहीत. फाइलला एक कागद लागला, मुद्दा निकाली निघाला, पोरगं पुढच्या खात्याकडे वळलं.

कागद कोणता द्यायचा हे ठरवायला आधी आपलं भांडण कशाशी आहे ते ठरवावं लागतं. ऑडिटर म्हणतो ती घटनाच घडलेली नाही, की घडली पण त्याने लावलेला नियम इथे लागू नाही, की नियम लागू आहे पण त्यातून काढलेली रक्कम चुकली आहे? आमच्याकडे तिन्हीची खिचडी करून उत्तर लिहायची पद्धत होती. "सदर खातेदार जुने व प्रतिष्ठित असून त्यांचे व्यवहार समाधानकारक आहेत." यात कशाचं उत्तर आहे? कशाचंच नाही.

नियमाबद्दलच्या वादाचा एक प्रसंग सांगते, कारण तो आपल्या जिल्ह्याचाच आहे. एका वर्षी मसुद्यात ऊस कर्जाची बरीच खाती एनपीए, म्हणजे थकलेली अनुत्पादक कर्जं, दाखवलेली होती. ऑडिटरच्या टीमने सगळ्या कर्जांना एकच चाळणी लावली होती, हप्त्याच्या तारखेपासून 90 दिवस. धंद्याच्या कर्जाला हे बरोबर. पीक कर्जाला रिझर्व्ह बँकेचा नियम दिवसांवर चालत नाही, हंगामावर चालतो: कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगामांची थकबाकी, लांब मुदतीच्या पिकाला एका हंगामाची. लांब मुदतीचं म्हणजे ज्याचा हंगाम वर्षापेक्षा मोठा. आता उसाचा हंगाम किती? माळशिरस-पंढरपूरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो उलट विचारेल, "कुठला ऊस?" जुलै-ऑगस्टात लावलेला अडसाली सोळा-अठरा महिने रानात असतो. जानेवारी-फेब्रुवारीतला सुरू वर्षभरात तोडीला येतो. खोडव्याचं आणखी वेगळं.

आमचे कर्ज अधिकारी तावातावाने निघालेच होते. "पुण्यात बसून ऊस कळत नाही" हे त्यांचं वाक्य तयार होतं. मी त्यांना म्हटलं, साहेब, ते वाक्य राहू द्या, आधी सातबारे काढा. प्रत्येक खात्याला मंजुरीपत्र, सातबाऱ्यावरची पीक पाहणी आणि कारखान्याकडच्या ऊस नोंदीची प्रत, ज्यात लागणीची तारीख आणि प्रकार दोन्ही असतात. वर परिपत्रकातला तो परिच्छेद. दोन दिवस गेले. मग मी टीमच्या सिनियर मुलाला फोन न करता कागदांचा गठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "तुमच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा लागेल, पिकाचा." तो हसला. त्याला हरल्यासारखं वाटलं नाही, कारण वाढवायचा होता तो रकाना. संध्याकाळपर्यंत बहुतेक खाती यादीतून बाहेर.

एक मात्र राहिलं. मंगळवेढ्याकडचं. कर्ज उसाचं आणि पीक पाहणीत रब्बी ज्वारी. मीच दिलेल्या सातबाऱ्यात ती नोंद होती आणि त्या मुलाने ती वाचली. शेतकऱ्याचं म्हणणं खरं होतं, विहिरीने तळ गाठला म्हणून त्याने उसाचा नाद सोडून मालदांडी पेरली. पण बँकेने त्याची पाहणी केलेली नव्हती, कर्जाचा हेतू बदलल्याची नोंद कुठे नव्हती. आक्षेप राहिला, फक्त त्याचं स्वरूप बदललं: एनपीएऐवजी कर्जविनियोगावर देखरेख नाही. मी उत्तरात एकच शब्द लिहिला, "मान्य". खाली शेतकऱ्याचं कारण लिहिलं आणि पाहणीची तारीख. गंमत अशी की त्या एका "मान्य"नंतर त्याच मसुद्यातले माझे बाकीचे "अमान्य" तो मुलगा जास्त गंभीरपणे वाचू लागला. सगळ्याच आक्षेपांना अमान्य म्हणणाऱ्या शाखेचं उत्तर कुणी वाचत नाही. आर्टिकल असताना मीही वाचत नसे.

बोलणी कुणाशी करायची यालाही एक क्रम आहे आणि आपल्याकडे तो मोडण्याची फार हौस. आर्टिकलने मुद्दा काढला की आमचे लोक थेट भागीदार साहेबांना फोन लावतात, त्यातही ओळख काढून. त्यांच्या मेहुण्याचं गाव बार्शी निघतं. मग त्या आर्टिकलच्या पोरीला वरून विचारणा होते आणि ती आपलं म्हणणं सिद्ध करायला अजून दहा व्हाउचर मागवते. तिने तसं करावंच. मुद्दा काढणाऱ्या माणसाशी आधी बोलावं. तिथे नाही पटलं तर सिनियर, मग भागीदार, आणि प्रत्येक पायरीवर तेच कागद, तीच मांडणी. वरच्या पायरीवर नवी गोष्ट काढली की खालच्याला ती फसवणूक वाटते. आणि हे सगळं मसुद्याच्या टप्प्यावर. सही झाल्यावर उरतं ते फक्त उत्तर.

त्या उत्तराबद्दल मला जरा चिडून बोलायचंय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 82 प्रमाणे ऑडिटमध्ये दाखवलेल्या दोषांचं स्पष्टीकरण तीन महिन्यांत द्यायचं असतं, दोष दुरुस्ती अहवाल, नमुना 'ओ'. हा अहवाल म्हणजे संस्थेला आपलं म्हणणं कायमचं नोंदवायची मिळालेली जागा. आणि तिथे आपण काय लिहितो? "नोंद घेतली." "यापुढे दक्षता घेण्यात येईल." "संबंधितांना सूचना देण्यात आल्या आहेत." जो आक्षेप आपल्याला मुळात मान्य नव्हता, ज्यावर मसुद्याच्या वेळी टेबलं बडवली, त्याच्यासमोरही तेच: दक्षता घेण्यात येईल. म्हणजे भांडलो तोंडी आणि कबूल केलं लेखी. पुढच्या वर्षी नवा ऑडिटर मागचा अहवाल उघडतो, आपलीच दक्षता आपल्याला वाचून दाखवतो आणि मागील आक्षेपाची पूर्तता नाही म्हणून एक वेगळा परिच्छेद लिहितो. पतसंस्थांच्या वह्या तपासताना मी असे अहवाल पाहिलेत की वर्षं बदलली, अध्यक्ष बदलले, टायपिंगची जागा संगणकाने घेतली, दक्षता तीच. अमान्य असेल तर अमान्य लिहावं, कारणासह. कायदा कुठेही म्हणत नाही की उत्तर शरणागतीचंच हवं.

संचालक मंडळाचा ताप वेगळा. सहकारातल्या माणसाला 'ऑडिट वर्ग अ' ही सहा अक्षरं फार प्यारी. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर, दिवाळीच्या जाहिरातीत, गड्ड्याच्या यात्रेत लावलेल्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवरसुद्धा: सतत ऑडिट वर्ग अ. त्यामुळे एखादा आक्षेप वर्गाला धक्का लावेल असं दिसलं की अध्यक्षांचा पहिला प्रश्न, "मॅडम, ऑडिटर बदलता येतो का?" आता येत नाही. बँकिंग कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर आणि एप्रिल 2021 च्या रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांनंतर नागरी बँकेचा वैधानिक लेखापरीक्षक रिझर्व्ह बँकेच्या पूर्वमंजुरीने नेमला जातो, तीन वर्षं सलग, आणि मध्येच काढायचा तर पुन्हा त्यांचीच मंजुरी. मला हा बदल मनापासून आवडला. ज्याला हाकलता येत नाही त्याच्याशी माणसं नीट बोलायला शिकतात.

एक गोष्ट मात्र मी कधी सोडली नाही: आक्षेपात हेतूचा आरोप. एका मसुद्यात शाखेने थकबाकी "जाणीवपूर्वक लपवली" असं होतं. तारीख, रक्कम, नियम सगळं बरोबर, फक्त कर्मचाऱ्याच्या मनातलं ऑडिटरने कुठल्या व्हाउचरवरून वाचलं? मी तेवढंच विचारलं, आवाज न चढवता, पण उत्तर मिळेपर्यंत उठले नाही. ते शब्द निघाले. त्या कर्मचाऱ्याची निवृत्ती पुढच्याच वर्षी होती.

आता टॉवेलवाल्या अण्णांबद्दल. हे लिहावं की नाही यावर बरेच दिवस अडले होते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा कारखाना. टेरी टॉवेल. मोठं कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे उचलायचं कर्जखातं. वडिलांच्या वेळेपासून खातं आमच्याकडे. ऑडिटरने लिहिलं, स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचं विवरण, तीन महिन्यांपेक्षा जुनं आहे, त्यावर काढलेली उचल अनियमित धरावी लागेल, आणि ती सलग 90 दिवस चालू राहिल्याने खातं एनपीए. नियम अगदी हाच आहे. पण घटना तशी नव्हती. अण्णांचा मुनीम दर महिन्याला स्टेटमेंट आणून देत होता, आवक रजिस्टरला नोंदी होत्या, संगणकात मात्र ती वेळेवर चढलेली नव्हती. एका महिन्याचं स्टेटमेंट सापडेना. आमचा एक सहकारी हळूच म्हणाला, "मॅडम, मुनीमाकडून आजच घेऊ, तारीख मागची टाकू, कोण बघतंय?" तो मुलगा वाईट नाही. शाखेवरच्या प्रेमानेच बोलला. पण आक्षेप आल्यावर जन्मलेला कागद ऑडिटरला वासावरून कळतो आणि मग तुमचे खरे कागदही तो उजेडाकडे धरून बघू लागतो. सापडले तेवढे दिले, एक नाही असं लिहून दिलं. ऑडिटरने ते मान्य केलं. आवक रजिस्टर तपासलं, मुद्दा सोडला आणि म्हणाला, "मग एकदा गोदाम बघून येऊ."

त्यांच्या टीममध्ये एक आर्टिकल होती, इथलीच, घरी तेलुगू बोलणारी. आम्ही गोदामात थप्प्या मोजत होतो. स्टेटमेंटशी आकडा जुळत होता, मी निर्धास्त. ती मुलगी माग चालवणाऱ्यांशी तेलुगूत गप्पा मारत उभी. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड अशा तीन भाषांत धंदा चालतो आणि बँकेचे कागद फक्त दोनच भाषांत असतात, मराठी आणि इंग्रजी. परत येताना गाडीत तिने विचारलं, "मॅडम, उजवीकडच्या सगळ्या थप्प्या मजुरीच्या आहेत ना?"

मजुरीच्या. म्हणजे सूत दुसऱ्याचं, माल दुसऱ्याचा, अण्णांची फक्त विणाई. तो माल अण्णांच्या गोदामात होता पण त्यांचा नव्हता, आणि जो माल कर्जदाराचा नाही त्यावर उचलीची मर्यादा काढता येत नाही. अण्णांनी लपवलं असंही नाही. स्टेटमेंटच्या छापील नमुन्यात रकानाच एक होता, 'तयार माल', आणि मुनीम दिसेल तो माल त्यात लिहायचा. मजुरीचा माल वजा केला तर डीपी, म्हणजे ही उचलीची मर्यादा, एवढी खाली आली की खात्यातली बाकी कितीतरी महिने तिच्यावरच होती. ज्या मुद्द्यावर मी भांडले तो जिंकले आणि खातं एनपीएत गेलं. मुख्य कार्यालयातून दोन फोन आले, काहीतरी उत्तर द्या म्हणून. द्यायला काही नव्हतं. मी हिशेब पुन्हा स्वतः केला, ऑडिटरने मजुरीच्या मालात चुकून धरलेल्या अण्णांच्या स्वतःच्या काही गाठी बिलं दाखवून परत मिळवल्या, त्याने डीपी थोडी वर आली, पण पुरेशी नाही. उत्पन्नात धरलेलं पण वसूल न झालेलं व्याज उलटवलं, संभाव्य तोट्यासाठी बाकीवर 10 टक्के तरतूद केली. त्या वर्षी शाखेचा नफा नावापुरता उरला.

अण्णा दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये आले. बसले नाहीत. "मॅडम, तुम्ही आमच्या बाजूच्या की त्यांच्या?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांना त्या दिवशी सांगण्यासारखं नव्हतं. मी त्यांना हिशेब दाखवला. तो त्यांना पटला, आणि पटल्याने राग कमी झाला असं नाही. पुढे बरेच महिने ते शाखेत आले नाहीत, मुलाला पाठवायचे. थकलेलं सगळं भरल्याशिवाय खातं पुन्हा चांगल्या वर्गात घेता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 च्या परिपत्रकात स्पष्ट करून टाकलंय. मुलाने ते भरलं, एक शेड विकून.

आता आमच्या स्टेटमेंटला दोन तक्ते आहेत, स्वतःचा माल आणि मजुरीचा माल. नव्या ऑडिटरने यंदा त्यावरच बोट ठेवलंय. मजुरीची जी बिलं यायची आहेत ती तुम्ही येणी म्हणून डीपीत धरता, पण मंजुरीपत्रात फक्त विक्रीच्या येण्यांचा उल्लेख आहे. माझं म्हणणं, माल नसला तरी विणाईचं बिल कर्जदाराचं स्वतःचं आहे, जीएसटीसह फाडलेलं, नव्वद दिवसांच्या आतलं. त्यांचं म्हणणं, मग मंजुरीपत्र बदलून घ्या, तोवर धरू नका. त्यांचं पत्र परवा आलं. अण्णांच्या मुलाकडून बिलांच्या प्रती मागवल्यात, उद्या येतील. मंजुरीपत्राचा मुद्दा मात्र त्यांचा बरोबर आहे असं मला वाटायला लागलंय.